पाचांपैकी तीन

बुधवार, १४ मे

यादीत माझं नाव आहे. सकाळी सव्वाअकराला सायकल टीमच्या मॅनेजरबाईंनी स्वतः दुकानात फोन करून सांगितलं. टीममधल्या नेहमीच्या मुलीचं गळ्याजवळचं हाड सोमवारी मोडलं, तिच्या जागी मी. नंबर सत्तेचाळीस. दुसऱ्याच्या मोडक्या हाडावर आपलं नशीब उघडावं हे काही बरं नाही, पण फोन ठेवल्यावर मी हसत होते, हे इथे तरी कबूल करायला हवं.

फोन आला तेव्हा हात ओले होते. एका आजोबांच्या चष्म्याची काच चाकावर घासत होते. ती अर्धीच ठेवून मालकांना सांगायला गेले. सहा वर्षं माझ्या शर्यतींच्या सुट्ट्या त्यांनी निमूट सोसल्या आहेत.

"म्हणजे सायकलवरून डोंगर उतरायचा?" त्यांनी विचारलं.

"हो. एकेकटीने. घड्याळ लावून. सगळ्यात कमी वेळ जिचा, ती जिंकली."

"त्यात काय मोठंसं? दगडसुद्धा उतरतो."

"दगडाला वळावं लागत नाही, मालक."

"मग तू वळ. आणि सोमवारी ये."

सोमवारी यायचं की नाही, ते या दोन दिवसांवर आहे. मॅनेजरबाईंनी सरळ सांगितलं. शनिवारच्या निवड फेरीत एकेचाळीस जणी उतरणार, पहिल्या वीस जणी रविवारच्या अंतिम शर्यतीत जाणार. मी त्या विसांत आले आणि रविवारी धडपणे खाली पोचले, तर उरलेला हंगाम माझा. नाहीतर आजोबांची काच वाट बघते आहेच.

आई म्हणाली, "उतरायला एवढी घाई कशाला?" मग माझी बॅग तिनेच भरली.

गुरुवार, १५ मे

पहाटे निघालो. गाडी वस्ताद चालवत होता. वस्ताद म्हणजे टीमचा मेकॅनिक. पन्नाशीचा, बोलण्यात तिखट, हाताने हळुवार. मी चष्म्याच्या दुकानातली, म्हणून पहिल्या दहा मैलांतच त्याने माझं नाव 'चष्मेवाली' ठेवून टाकलं.

राहायला डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं लॉज आहे. दोन खाटा, एक टेबल, नळ उघडला की भिंतीत कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज. खोलीत माझ्याबरोबर मावशी आहे. ती कुणाचीच मावशी नाही. टीममध्ये सगळ्यात मोठी, चौतीस वर्षांची, आणि अकरावा हंगाम, म्हणून सगळे मावशी म्हणतात. मी "तुम्ही" म्हटलं तर ओरडलीच. "मावशीला कोणी अहो-जाहो करतं का गं? तू म्हण, आणि खिडकीजवळची खाट तू घे, मला उजेड सोसत नाही." खोलीतसुद्धा काळा चष्मा लावून बसते. मोठी माणसं, मोठ्या तऱ्हा. काळे चष्मे तीन आहेत तिच्याकडे. काचा चांगल्या आहेत, मी बघितल्या.

दुपारी ट्रॅक पायी बघितला. आदल्या दिवशी सगळ्या जणी ट्रॅकवरून चालत उतरतात, थांबतात, दगड पायाने ढकलून बघतात, कुठून जायचं ते ठरवतात. नवख्या मुली फोटो काढतात. मावशी हाताच्या मागे पेनाने लिहीत होती. मला वाटलं वळणांची टिपणं असतील, पण मी डोकावले तर खोलीचा नंबर आणि "नाश्ता ७" एवढंच होतं. म्हणजे ट्रॅक तोंडपाठ.

ट्रॅकच्या जागांना सगळ्यांनी नावं ठेवली आहेत. वरच्या झाडीत एक फांदी इतकी खाली आली आहे की हेल्मेट घासून जातं. तो 'न्हावी'. न्हाव्यानंतर लगेच 'जिना', म्हणजे सात दगडी पायऱ्या, एकही दुसरीसारखी नाही. जिन्यावर ब्रेक लावायचा नाही. लावला की सायकल थांबते आणि आपण पुढे जातो, असं वस्ताद म्हणतो.

संध्याकाळी डॉक्टरांची तपासणी. ही नीट लिहून ठेवते, कारण आज मी एक शहाणपण शिकले. शर्यतीआधी प्रत्येकीच्या डोक्याची परीक्षा घेतात. डॉक्टर पाच शब्द सांगतात, थोड्या वेळाने ते परत म्हणायचे. महिने उलटे म्हणायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. त्याचे गुण लिहून ठेवतात. पुढे कोणी डोक्यावर पडलं तर तीच परीक्षा परत. गुण पहिल्यापेक्षा घसरले, तर घरी.

बाहेर बाकावर मावशी माझ्या कानाशी आली. "किती आठवले तरी तीनच सांग. महिने अडखळत म्हण. पाय दोनदा टेकव."

"का?"

"अगं, ही परीक्षा नापास व्हायची नसते, पण पहिली यायचीही नसते. आज मंद राहिलीस की उद्या पडल्यावर तेवढीच मंद दिसशील. सगळ्या करतात."

म्हणून मी तीन सांगितले. आठवत पाचही होते. बादली, सफरचंद, दोरी, आत्या, खिडकी. हे घ्या, पुरावा. सप्टेंबरच्या आधीच ऑगस्ट म्हणून टाकला आणि डॉक्टरांकडे बघून ओशाळं हसले. त्यांना सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी लिहून घेतलं. शाळेत कॉपी करायची कधी हिंमत झाली नाही, इथे उलटी कॉपी केली. थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

झोपण्याआधी मावशीने विचारलं, भावंडं किती? म्हटलं, एकुलती एक.

शुक्रवार, १६ मे

पडले. काही विशेष नाही.

सकाळच्या तीन फेऱ्या चांगल्या गेल्या. तिसऱ्या फेरीत जिना असा उतरले की ट्रॅकच्या कडेला उभ्या झेंडेवाल्या काकांनी शिट्टी मारली. चौथ्या फेरीत न्हाव्याखाली मान वाकवली ते आठवतं. त्यानंतर मी पेंढ्याच्या भाऱ्यावर बसले होते आणि झेंडेवाले काका माझा हातमोजा हातात धरून उभे होते. मधलं काही नाही. मधल्याची गरजही नाही. पडणं आठवून काय करायचं?

दोन मिनिटं बसले असेन. काका म्हणाले दहा. त्या माणसाला घड्याळाची सवय नसावी.

वस्तादने हेल्मेट उलटंसुलटं केलं. मागे करंगळीएवढा तडा.

"याच्यात आता फुलझाड लाव," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "तू?"

"ठीक."

"मी कोण?"

"खडूस."

"बरोबर. तरी डॉक्टरकडे चल."

"कशाला? नवीन हेल्मेट दे की."

"हेल्मेटला तडा म्हणजे डॉक्टर. नियम आहे. नियम माझ्या डोक्यातून नाही आला, कुणाच्या तरी फुटलेल्या डोक्यातूनच आला असेल."

परत तीच परीक्षा, शब्द वेगळे. गंमत अशी की या वेळी मला खरोखर तीनच आठवले. बाकीचे दोन अजून आठवत नाहीत. चमचा असावा. की चमचा काल होता? महिने म्हणताना सप्टेंबर तिथेच चुकला, पाय दोनदा टेकला. डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, नाक पुसलं आणि म्हणाले, "होतीस तशीच आहेस." सही केली. मला इतकं हसू आलं की बाहेर येऊन मावशीला सगळं सांगितलं. सोंग करायची गरजच पडली नाही!

मावशी हसली नाही. "खरंच तीनच आठवले?" एवढंच विचारलं, आणि नंतर कितीतरी वेळ हेल्मेटचा पट्टा काढत आणि घालत बसली.

आईला फोन केला. पडल्याचं सांगितलं नाही. तिने विचारलं, जेवलीस का, थंडी आहे का. मी म्हटलं, सगळं छान आहे.

मावशीने विचारलं, भावंडं किती? काल सांगितलं होतं. परत सांगितलं.

जेवण गेलं नाही. इथली अंडी शिळी असावीत.

आईला फोन करायचा राहिला होता, तो केला. पडल्याचं सांगितलं नाही. आई म्हणाली, "अगं, तासाभरापूर्वीच तर बोललो आपण!" आई हल्ली असं काहीतरी बोलते. साठी जवळ आली. घरी गेल्यावर तिला एकदा दाखवून आणलं पाहिजे.

शुक्रवार. नाही, शनिवार, १७ मे

अठरावी! एकेचाळिसांत अठरावी!

आधी हे लिहून टाकलं, आता बाकीचं.

सकाळी उठल्यावर खोली थोडी तिरकी वाटली. जुन्या इमारती अशाच असतात. ओकारी झाली. अंडी. ऊन इतकं होतं की मावशीकडून एक काळा चष्मा मागून घेतला. तिने न बोलता दिला. नाश्त्याला बसले तर ताटं-वाट्यांचा आवाज कानात सुया टोचल्यासारखा होत होता. पहिल्या मोठ्या शर्यतीची भीती अशीच असणार. मी कधी एवढी घाबरले नव्हते, म्हणजे शर्यतही तेवढीच मोठी आहे.

वर सुटण्याच्या फळीवर उभी होते. घड्याळाचे पाच टोले वाजतात, पाचव्याला सुटायचं. माझे चार मोजून झाले आणि पुढे काय येतं तेच कळेना. शेजारच्या माणसाने पाठीवर थाप मारली तेव्हा सुटले. पाऊण सेकंद तिथेच गेला असेल. न्हावी, जिना, सगळं पार. हात आपोआप चालत होते. मला कोणीतरी उतरवत होतं आणि मी मागे बसून बघत होते. खाली पोचल्यावर मॅनेजरबाईंनी मिठी मारली. पहिल्यांदाच. "उद्या फक्त उभी राहून खाली ये," त्या म्हणाल्या. "मग बसून बोलू, पूर्ण हंगामाचं."

मावशीचं वाईट झालं. सव्विसावी. जिन्यानंतर झाडीत ट्रॅक या वर्षी डावीकडे नेला आहे, गेल्या वर्षी उजवीकडे होता. ती उजवीकडे वळली. आडवी लावलेली फीत छातीवर घेऊन थेट झुडपात. फिनिशला मोठ्या पडद्यावर दाखवत होते. मुली हसल्या. खोटं कशाला बोलू, मीही हसले. गुरुवारी याच ट्रॅकवरून दोन तास चाललो होतो आम्ही, त्या वळणावर तर तिनेच मला थांबवून सांगितलं होतं, "या वर्षी डावीकडे." वस्ताद हसला नाही. तिची सायकल पुसताना तो एकच चाक बराच वेळ पुसत होता.

वय कुणाला चुकलंय? पण अकरा हंगामांनंतर माणसाने आपण होऊन थांबावं. मी असते तर थांबले असते.

दुपारी झोपले. उठले तर डायरी टेबलावर. मी उशीखाली ठेवली होती, असं वाटतं. हल्ली वस्तू ठेवते एकीकडे आणि सापडते दुसरीकडे.

मावशी तिच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. चष्मा काढलेला. मी म्हटलं, "जाऊ दे गं, पुढच्या शर्यतीत." तिने मान हलवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला भावंडं किती गं?"

तिसऱ्यांदा. मी चिडून म्हटलं, "अकरा. क्रिकेटची टीम आहे आमची." ती हसलीही नाही, रागावलीही नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, मग टेबलाकडे.

रविवार, १८ मे

डॉक्टरांनी लिहायला आणि वाचायला दोन दिवस बंदी केली आहे. एक डोळा मिटून लिहिते आहे. दोन्ही उघडले की ओळी एकमेकींवर चढतात.

मी शर्यतीत उतरले नाही. उतरू दिलं नाही.

सकाळी कपडे घालून, नंबर लावून तयार होते. मॅनेजरबाईंनी लॉजच्या खालच्या खोलीत बोलावलं. तिथे डॉक्टर होते, मावशी होती, आणि टेबलावर माझी डायरी होती. गुरुवारच्या पानाला कागदाची चिठ्ठी लावलेली.

"ही तुझी?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांची सर्दी आज बरी होती.

"ती माझी खासगी आहे."

"माहीत आहे. त्याबद्दल माफी मागतो. शुक्रवारचं पान वाचून दाखव."

मी वाचलं. आईला फोन केला. मग पुढे परत, आईला फोन केला. मला वाटलं कुणीतरी खोडसाळपणा केलाय, पण अक्षर माझंच होतं. म्हटलं, "घाईत दोनदा लिहिलं असेल."

"आईशी मी आत्ता बोललो," डॉक्टर म्हणाले. "दोनदा नाही, तू तीनदा फोन केलास."

 मॅनेजरबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, जणू तिथे काहीतरी चाललं होतं. तिथे नुसती गाड्यांची रांग होती.

मग डॉक्टर मावशीकडे वळले. "हे तीन शब्दांचं, तुम्ही शिकवलंत?"

"हो."

"स्वतःही करता?"

"सात वर्षं झाली."

"त्या सात वर्षांत डोक्यावर किती वेळा पडलात?"

मावशीने स्वतःच्या हाताच्या मागे बघितलं. नंतर दुसऱ्या हाताच्या. तिथे काही लिहिलेलं नसावं. 

माझा नंबर मॅनेजरबाईंनी स्वतःच्या हाताने काढला. चार पिना, एकेक करून. हंगामाबद्दल त्या म्हणाल्या, "फोन करीन." ज्या आवाजात मी गिऱ्हाइकाला 'फ्रेम आली की कळवते' म्हणते, तोच आवाज. मावशीचं नाव समितीकडे जाईल. नवख्या मुलीला खोटे गुण मिळवायला शिकवलं म्हणून बहुधा कायमची बंदी.

बाहेर जिन्यात मी मावशीला गाठलं. जे तोंडात आलं ते बोलले. चोर म्हटलं. चुगलखोर म्हटलं. "तू सव्विसावी आलीस, म्हणून मी अठरावी आलेली बघवलं नाही तुला. तूच शिकवायचं आणि तूच जाऊन सांगायचं?" माझा आवाज माझ्याच डोक्यात घुमत होता, मला कठड्याला धरावं लागलं. तिने माझा दंड धरला. मी झटकला. तिने परत धरला.

"झोपेत तुझी उशी सरकली, वही खाली पडली," ती म्हणाली. "पान उघडं होतं. मला वाटलं माझ्याबद्दल काय लिहिलंयस बघू. वाईटसाईट लिहिलं असेल, जरा हसू."

"मग?"

"मी तुला भावंडांबद्दल गुरुवारी विचारलं. शुक्रवारी विचारलं. असं लिहिलंय त्यात." ती थांबली. "मला वाटत होतं एकदाच विचारलंय. तरी खात्री करायला काल परत विचारलं. तू अकरा म्हणालीस. मला हो की नाही, खरं की थट्टा, काही ठरवता येईना. आधीचं उत्तरच आठवत नव्हतं. मग रात्री तू झोपलीस तेव्हा परत वाचलं. तुझ्या आईचं वाचलं."

"तुझं काय व्हायचं ते होवो. मला कशाला ओढलंस?"

तिने दंड सोडला नाही, तसंच धरून मला खोलीपर्यंत आणलं.  

शर्यत आम्ही खोलीतून ऐकली. खिडकीला चादर लावून, दोघी आपापल्या खाटेवर. लाउडस्पीकरवर एकेक नंबर. अठराव्या जागेवरच्या मुलीच्या वेळी नुसतं "सुरुवात नाही" आणि लगेच पुढचा नंबर. दोन शब्द. सहा वर्षं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेव्हा ती उठून माझ्या उशाशी पाण्याचा ग्लास ठेवून गेली. मी प्यायले नाही. नंतर प्यायले.

मला ठामपणे वाटतं की मी आज खाली पोचले असते. अजून वाटतं. काल पोचले होते की नाही? डॉक्टर म्हणतात, दुसऱ्यांदा आपटली असतीस तर हे वाटायलासुद्धा उरली नसतीस. डॉक्टरांना घाबरवायचाच पगार मिळतो.

आईला कळवायचं आहे. कळवलं की नाही ते बघायला फोन उघडला, तर आजचे चार फोन दिसले. म्हणजे कळवलं असावं.

उद्या सकाळी आठला वस्ताद गाडी दारात लावणार. शहरातल्या हॉस्पिटलात दोघींच्या डोक्यांचा स्कॅन आहे, नऊ वाजता. आधी मावशीचा नंबर, मग माझा. नंतर त्यांचे मोठे डॉक्टर एकेकीला आत बोलावून सांगणार. मावशीने मगाशी विचारलं, माझ्या वेळी आत येशील का, ते काय म्हणतात ते तुझ्या वहीत लिहून घ्यायला? माझ्या ध्यानात राहणार नाही गं.

मी उत्तर दिलेलं नाही. सकाळी ती परत विचारेल.